अॅरिझोनातल्या पेज गावचं हॉटेल सोडून व्हर्मिलियन क्लिफ्स या लाल कड्यांखालच्या लॉजवर राहिलो, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, खोलीसाठी जाणार असाल तर जाऊ नका. खोलीला मी पाचपैकी अडीच देईन, तेही चादरी-टॉवेल स्वच्छ होते म्हणून. पण खोलीच्या दारात जो सिमेंटचा व्हरांडा आहे आणि त्यावर दोन गंजक्या लोखंडी खुर्च्या टाकल्यात ना, आपण त्याचे पैसे देतोय असं समजून बुकिंग केलं तर स्वस्तात पडलं म्हणाल.

लॉजचं नाव मुद्दाम देत नाहीये. खाली दोन-चार तक्रारी आहेत आणि चालवणारी माणसं छोटी आहेत, आपल्यामुळे त्यांचं नुकसान नको. त्या पट्ट्यात असे दोन-तीनच लॉज आहेत आणि जागा, रस्ते, जेवणाची अडचण हे सगळ्यांना सारखंच लागू आहे, त्यामुळे कुठेही उतरलात तरी हे वाचून उपयोग होईल.

जागा कुठे ते सांगते. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ, तिथून ८९ नंबरचा हायवे धरून उत्तरेला. कॅमेरॉनच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसती उघडी तांबडी-राखाडी जमीन, ही सगळी नवाहो नेशनची (नवाहो आदिवासींचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश), मधेच एखादं घर, एखादा घोडा, रस्त्याकडेला दागिन्यांची लाकडी टपरी. बिटर स्प्रिंग्जला फाटा लागतो. बहुतेक गाड्या तिथून सरळ पेजला जातात, अँटलोप कॅन्यनची अरुंद घळ आणि हॉर्सशू बेंड हे नदीचं वळण बघायला. आपण डावीकडे ८९ए पकडायचा, चौदा मैलांवर नवाहो ब्रिज, कोलोरॅडो नदी ओलांडली की उजव्या हाताला व्हर्मिलियन क्लिफ्स सुरू होतात आणि मग संपतच नाहीत. पायथ्याला जांभळट-राखाडी मातीचे ढिगारे, त्यावर लाल पदर, अगदी वर फिकट दगड, काही ठिकाणी उंची तीन हजार फुटांपर्यंत. कोकणकडा आडवा ओढून मैलोन्मैल नेला आणि त्यावरची सगळी हिरवळ खरवडून काढली तर जे दिसेल ते. त्याच्या पायाशी रस्ता आणि रस्त्याला चिकटून लॉज. फिनिक्सहून साधारण २७० मैल, गुगल साडेचार तास दाखवतं, आई-बाबा सोबत असतील तर चहा आणि रेस्टरूम धरून सहा समजा.

आता पेज सोडून इथे का, तर पेजला सीझनमध्ये रेट बघून डोळे पांढरे होतात आणि एवढे पैसे मोजून खिडकीतून दिसतं काय तर पार्किंग लॉट. आम्हाला दोन खोल्या लागत होत्या, एक आई-बाबांना (भारतातून आलेत, सहा महिने आहेत) आणि एक आम्हाला आणि पोरांना. इथे दोन खोल्या जवळजवळ तिथल्या एका खोलीच्या भावात मिळाल्या. पेजला जायला पाऊण-एक तास लागतो, तो लागतोच, त्यात काही जादू नाही.

चेक-इन म्हणजे जेवणघराचा जो काउंटर तोच. कागदी रजिस्टर, शिसपेन्सिल, आणि किल्ली खरीखुरी लोखंडी, तिला हाताएवढा लाकडी ठोकळा बांधलेला, म्हणजे चुकून खिशात घालून घरी नेता येणार नाही. उशीर होणार असेल तर पाकिटावर नाव लिहून तुमची किल्ली दाराला चिकटवून ठेवतात आणि खुशाल झोपायला जातात. पहिली तक्रार इथेच. मी ईमेलवर आमच्या खोलीत दोन क्वीन बेड असं लिहून घेतलं होतं, मिळाला एक क्वीन आणि एक घडीचा कॉट, त्याच्या स्प्रिंगा मधोमध बसलेल्या. ईमेल काढून दाखवला तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ईमेल कोण बघतंय इथे, फोन करायचा. पैसे कमी केले का, नाही केले. एक ज्यादा उशी दिली. मुलगा कॉटवर झोपला आणि नवऱ्याने रात्रभर पाय बेडच्या बाहेर काढून दिवस काढले, म्हणजे रात्र काढली.

खोली छोटी. खालचं अर्धं दगडी बांधकाम, वर लाकडी फळ्या, त्यांच्या गाठी दिसतात अशा. टीव्ही नाही, फोन नाही. खिडकीतला एसी लावला की ट्रक चालू केल्यासारखा आवाज आणि बंद केला की दहा मिनिटांत घाम. गरम पाणी येतं पण यायच्या आधी बराच वेळ नळ सोडावा लागतो, आणि वाळवंटात असं पाणी वाया घालवताना माझ्या आईचा जीव वर-खाली होत होता, तिने शेवटी कचऱ्याचा डबा धुऊन त्यात ते पाणी धरलं आणि सकाळी दारातल्या झाडाला घातलं. बाथरूमचं दार पूर्ण लागत नाही, खाली लाकूड फुगलंय. लाल धूळ सगळीकडे. खिडकी बंद असली तरी सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं एवढी. यात लॉजवाल्यांना दोष देता येत नाही, वारा सुटला की ती येणारच, पण अॅलर्जीवाल्यांनी औषध जवळ ठेवा.

बाई जाता जाता सांगून गेल्या की सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात. नवरा (मुंबईचा, दादर) एकदम गप्प. बाबा म्हणाले, "अहो, आम्ही गावाला कधी बूट न झटकता पाय घातलाय का?" आणि शांतपणे बूट खुंटीला टांगून ठेवले. विंचू कोणाला दिसला नाही. पाल मात्र दिसली, छोटी.

सिग्नल नाही. काही कंपन्यांचा एखादा दांडा येतो-जातो, आमचा आलाच नाही. वायफाय फक्त काउंटरजवळ, तोही व्हॉट्सअॅपचा टेक्स्ट जाईल एवढाच. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून निघा, हे अगदी कळकळीने सांगतेय. पेट्रोल फ्लॅगस्टाफला किंवा पेजला फुल करून घ्या.

आणि पहाटेचं. हा पट्टा ट्राउट मासे पकडणाऱ्यांचा आहे. त्यांच्या डिझेलच्या पिकअप गाड्या पहाटे पाचच्या आत चालू होतात आणि दहा-दहा मिनिटं तशाच घरघरत उभ्या असतात, भिंती पातळ, त्यामुळे तुम्हीही त्यांच्यासोबत उठता. चिडचिड झाली. पण उठल्यावर व्हरांड्यात गेले तर समोर अजून अंधार आणि कड्याच्या फक्त वरच्या कडेला ऊन लागायला सुरुवात झालेली, मग ते हळूहळू पदर-पदर खाली उतरतं. आई शाल घेऊन आधीपासूनच बसली होती. मला म्हणाली, चहा कर, आणि आवाज करू नकोस, पोरं झोपू देत. केटल घेऊन गेलो होतो म्हणून चहा झाला. खोलीत कॉफीचं मशीन आहे, पण त्याच्यातून आलेल्या पाण्याला जुन्या कॉफीचा वास येतो.

रात्रीचं तर विचारूच नका. व्हरांड्यातल्या दिव्यावर पतंग-किडे फार येत होते म्हणून आईनेच बटण बंद केलं. महामार्गावर अर्ध्या-अर्ध्या तासात एखादी गाडी. आई भूगोल शिकवायची शाळेत, तिने नैर्ऋत्येला क्षितिजाजवळ वृश्चिकेची नांगी दाखवली आणि तिथून वर निघालेला आकाशगंगेचा पट्टा, तो फिनिक्सला गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिलेला नाही, ढग समजले होते मी. वटवाघळं कानाजवळून जातात, घाबरू नका, ती किड्यांच्या मागे असतात. अमावास्येच्या आसपासचे दिवस बघून जा. पौर्णिमेला कडा छान दिसत असेल पण ताऱ्यांचं काही खरं नाही.

जेवण. आपल्या लोकांना हीच चिंता असते. मेन्यू म्हणजे बर्गर, स्टेक, ट्राउट, बटाटा. शाकाहारी माणसाला ग्रिल्ड चीज सँडविच, सॅलड, फ्राईज आणि सकाळी पॅनकेक, हॅश ब्राऊन, संपलं. किचन रात्री लवकर बंद होतं, आठच्या पुढे काही मिळेल अशी आशा ठेवू नका. ट्राउट मी खाल्ला, साधा लोणी-लिंबू लावून, चांगला होता, फक्त मीठ-मिरची आपल्याला कमी वाटणार. आईने हॅश ब्राऊनवर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ली आणि म्हणाली बरं लागतंय की. आम्ही दशम्या, मेतकूट, चटणी, लोणचं, खाकरे सगळं बांधून नेलं होतं. खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे त्यामुळे दहीभात झाला. एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी, नवाहो नेशनमध्ये दारू विकायला बंदी आहे, नदीच्या अलीकडे लॉजच्या बाजूला बिअर मिळते. कॅमेरॉनला थांबलात तर नवाहो टॅको बिनमटणाचा मागा, खाली तळलेली फ्रायब्रेड असते, वर बीन्स, पण बीन्समध्ये मांस किंवा चरबी घातली आहे का ते विचारून घ्या.

आता वेळेची भानगड, ही वाचाच. अॅरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, नवाहो नेशनमध्ये करतात. म्हणजे मार्च ते नोव्हेंबर नवाहो ब्रिजच्या पूर्वेला एक वेळ आणि पश्चिमेला एक तास मागे. फोन कुठला टॉवर पकडेल त्यावर तुमचे किती वाजले ते ठरतं. त्यात अँटलोप कॅन्यन नवाहो जमिनीवर असूनही तिथल्या टूर साधारणपणे पेजच्या, म्हणजे अॅरिझोनाच्या वेळेने चालतात. फोनमध्ये ऑटोमॅटिक टाइम झोन बंद करून फिनिक्स ठेवा. बाबांच्या हातात एचएमटीचं घड्याळ होतं, तिन्ही दिशांना सगळे आम्हाला किती वाजले विचारत होते आणि बाबा एकटेच खुशीत.

अँटलोपला जाणार असाल तर अजून एक. गाइडशिवाय सोडत नाहीत आणि पावसाचा अंदाज असला तर टूर रद्द करतात, त्यावर त्यांच्याशी हुज्जत घालू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लांब कुठेतरी झालेल्या पावसाचं पाणी लोअर अँटलोपमध्ये घुसून ११ जण गेले. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्याखाली जी गत होते तीच.

पण खरं सांगू का, अँटलोपपेक्षा आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा झाली ती लीज फेरीची, म्हणजे कोलोरॅडो ओलांडायच्या जुन्या जागेची. लॉजवरून गाडीने थोड्याच वेळात पोचतो. सगळीकडे नदी शेकडो फूट खाली दरीत आणि इथे मात्र गाडी थेट पाण्यापर्यंत जाते. ग्रँड कॅन्यनच्या राफ्टिंगच्या ट्रिपा इथूनच सुटतात, मैल शून्य म्हणजे हाच. नॅशनल पार्कचा वार्षिक पास चालतो. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, कोयनेवर बरीच वर्षं होते. त्यांनी पाण्यात हात घातला आणि लगेच काढला. बाहेर पस्तीस डिग्रीच्या पुढे ऊन आणि पाणी बर्फासारखं, हिरवंगार आणि तळ दिसेल असं स्वच्छ. मग पोरांना तिथेच दगडावर बसवून बाबांनी शाळेसारखा तास घेतला. वरच्या अंगाला १५ मैलांवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, ७१० फूट उंच, पाणी वरून नाही तर खोलातून सोडतात म्हणून थंड, गाळ वर सरोवरात बसतो म्हणून हिरवं. १९६३ च्या आधी हीच नदी तांबड्या चिखलाची आणि उन्हाळ्यात कोमट होती. ट्राउट मुळातला इथला मासा नाही, थंड पाण्यामुळे टिकलाय. आणि मग त्यांनी काठच्या दगडावरची ओली रेघ दाखवली, पाण्याच्या वर टीचभर. म्हणाले, "बघ, पाणी उतरतंय. वीज किती लागते त्यावर दिवसात कमी-जास्त सोडतात." मुलगी म्हणाली, "आजोबा, फिनिक्समध्ये एसी लावले की इथे पाणी वाढतं?" बाबा म्हणाले, "असंच काहीसं." तेवढ्यावरून तिने नंतर गाडीत एसीवरून आम्हाला दोन तास छळलं ते वेगळं.

इथे १८७० च्या दशकात जॉन डी. ली नावाच्या माणसाने तराफ्याची सेवा सुरू केली, त्यालाच पुढे १८७७ मध्ये माउंटन मेडोजला झालेल्या प्रवाशांच्या तांड्याच्या हत्याकांडासाठी गोळ्या घालून मारलं. त्याच काळात अॅरिझोनातली मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) जोडपी लग्नाच्या विधीसाठी युटातल्या सेंट जॉर्जच्या देवळात जायची ती याच वाटेने, म्हणून त्या वाटेला हनिमून ट्रेल म्हणतात. या उन्हात, बैलगाडीने. १९२८ मध्ये तराफा बुडाला, तीन माणसं गेली, तेव्हा नवाहो ब्रिज अर्धवट झाला होता आणि पलीकडच्या काठावर सामान न्यायला ट्रकना आठशे मैलांचा वळसा पडायला लागला. बाबांना हे वाचून एवढा आनंद झाला की त्यांनी माहितीच्या पाटीचा फोटो खात्यातल्या ग्रुपवर टाकायचा म्हणून काढला आणि सिग्नल नाही म्हणून दिवसभर तळमळत होते.

पूल १९२९ ला झाला आणि मग रस्त्याकडेला राहायच्या जागा आल्या. त्याही आधीची एक गोष्ट सांगतात, ब्लँच रसेल नावाच्या बाईची गाडी १९२० च्या दशकात या पट्ट्यात बंद पडली, रात्र इथेच काढावी लागली, आणि जागा इतकी आवडली की तिने मोठ्या शिळेला टेकवून दगडी घर बांधलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालायला लागली. ते पडकं बांधकाम अजून रस्त्यावरून दिसतं. शिळेची एक बाजू म्हणजेच भिंत. त्याच्यापुढे आमच्या खोलीचं न लागणारं दार म्हणजे चैनच की.

जुना पूल आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे (गाड्यांसाठी शेजारी १९९५ मध्ये नवा केला), खाली नदी ४६७ फूट. कठड्यावरून वाकून खालच्या लोखंडी तुळयांवर बघा, काळे मोठे पक्षी बसलेले दिसतील, पंखाला नंबराची पट्टी. ते कॅलिफोर्निया काँडोर, पंख पसरले की साडेनऊ फूट. १९८२ मध्ये जगात २२ उरले होते, पिंजऱ्यात वाढवून १९९६ पासून याच कड्यांवरून सोडायला लागले. अजूनही सगळ्यात जास्त मरतात ते शिशाने, शिकारीच्या गोळ्यांचे तुकडे मेलेल्या जनावरात राहतात ते पोटात जाऊन. आपल्याकडे गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधाने गेली, तसाच प्रकार. आम्हाला दोन दिसले, मुलाने नंबर लिहून घेतले. पुलावर नवाहो बायका दागिने विकायला बसतात, घासाघीस फार करू नका.

ग्रँड कॅन्यनची उत्तरेकडची कड, म्हणजे नॉर्थ रिम, बघायचं म्हणून इथे राहायचा विचार असेल तर थांबा. २०२५ च्या जुलैत ड्रॅगन ब्राव्हो आगीत तिथला जुना लॉज जळून गेला, त्यामुळे निघायच्या आधी पार्कच्या साइटवर काय उघडं आहे ते बघाच. एरवीही तो रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद असतो.

कोणी जाऊ नये तेही लिहिते. गुडघे दुखतात अशांसाठी बेड ठीक, पण बाथरूममध्ये धरायला दांडा नाही, टबात पाय उचलून जावं लागतं, आईला मी हात धरून नेत होते. तान्हं बाळ असेल तर जवळ दवाखाना नाही, पेज गाठावं लागेल. जून-जुलै तर नकोच. एसीचा तो आवाज आणि बाहेर शंभरच्या पुढे फॅरनहाइट, व्हरांड्यात बसताच येणार नाही, मग राहिलं काय, अडीच स्टारची खोली. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी, गणपती वगैरे उरकून गेलो होतो, संध्याकाळी हवा मस्त होती. एप्रिल पण चांगला म्हणतात पण वारा खूप असतो.

बुकिंग फोनवरच करा आणि किती बेड ते दोनदा बोलून घ्या, शक्यतो कड्याकडे तोंड असलेली खोली मागा, काही खोल्यांचं तोंड रस्त्याकडे आहे आणि रेट तोच आहे. कॅन्सलेशनचे पैसे परत मिळत नाहीत, आठवडाभर आधी कळवलं तर थोडे. आमच्या शेजारच्या मासेमारीवाल्या काकांनी सांगितलं की त्यांच्या सीझनच्या शनिवार-रविवारी महिनोन्महिने आधी भरतं, मधल्या वारी सहज मिळतं. जमलं तर सोमवार ते गुरुवार बघा.